जोडीचं गोंदण

सोमवारी सकाळी दहा वाजता तेलेसिया रेडिएशनच्या बसायच्या खोलीत शिरली, तेव्हा नोलीनची खुर्ची रिकामी होती. खुर्ची काही नोलीनच्या मालकीची नव्हती म्हणा. तसल्याच चौदा निळ्या खुर्च्या तिथे ओळीनं मांडलेल्या होत्या. पण दोन आठवडे एकाच जागी बूड टेकलं की जागा त्या माणसाची होते, हे चर्चमधल्या बाकांवरून तेलेसियाला पक्कं ठाऊक होतं. तिची वेळ दहा वीसची, नोलीनची त्यानंतर दहा चाळीसची, आणि तरी नोलीन रोज साडेनऊलाच येऊन बसलेली असायची. "तीस वर्षं बस चालवली मी या ऑकलंडात," ती म्हणायची, "म्हणून सांगते, बसच्या भरवशावर राहू नये." आज त्या खुर्चीवर कुणीतरी मासिक टाकलं होतं. तेलेसियानं ते उचलून टेबलावर ठेवलं, आपली पिशवी त्या खुर्चीवर मांडली आणि जागा धरून बसली. बस चुकली असेल, बाई काही विरघळून जायची नाही, असं तिनं स्वतःला दटावलं. दहा अठरा झाले. तिनं उठून काउंटरवरच्या बाईला विचारलं. ती गोड हसून म्हणाली, "दुसऱ्या पेशंटबद्दल मला काही सांगता येत नाही, सॉरी हं." "मी कुठे तिचा आजार विचारतेय? आज येणार का, एवढंच सांग." "तेच सांगता येत नाही ना." तेवढ्यात आतून नाव पुकारलं गेलं आणि तिला जावं लागलं.

आत जाणं तिला आवडायचं. हे तिनं कुणापाशी बोलून दाखवलं नव्हतं, कारण ऐकणाऱ्यानं तिला वेड्यात काढलं असतं. विमानतळाशेजारच्या कारखान्यात एकवीस वर्षं ती विमानातल्या जेवणाचे ट्रे भरत होती. काटा उजवीकडे, पाव डावीकडे, लोणी पावाच्या डोक्यावर, मिनिटाला सहा ट्रे. घरी भावाचं कुटुंब, चर्चच्या बायकांचं मंडळ, लग्नं, मयती, प्रत्येक ठिकाणी तिच्या हातांना काम नेमलेलं. आणि इथे त्या थंडगार टेबलावर, डावा हात डोक्यावर टाकून नुसतं पडायचं. काही करायचं नाही, हेच काम. चुकून हलून मदत करायला गेलं तर ओरडा बसायचा. ब्रोनी नावाची चेहराभर तिळांची मुलगी तिला इंचा-इंचानं सरकवायची, पेननं छातीवर रेघा काढायची, मग सगळे बाहेर पळायचे आणि छतातून ब्रोनीचा आवाज यायचा, "श्वास घ्या, भरपूर, आता धरा." दुखणं डाव्या बाजूचं होतं. छाती फुगवून धरली की आतलं काळीज जरासं मागे सरतं आणि किरणांच्या वाटेतून बाजूला होतं, असं पहिल्या दिवशी समजावलं होतं. तेलेसिया चर्चच्या गायनात खालचा सूर धरणारी. पाळकांचं लांबलचक आमेन तिनं चाळीस वर्षं एका श्वासात पेललेलं. पहिल्याच दिवशी ब्रोनी बाहेर येऊन म्हणाली होती, "बाई गं! मशीन थांबलं तरी तुमचा श्वास आपला चालूच!" अठ्ठावन्नाव्या वर्षी, एका बाजूला टाके पडलेले असताना, आपल्याला काहीतरी इतकं झकास जमतंय याचा तिला झालेला आनंद अगदी शाळकरी होता. त्या तेवीस सेकंदांत तिला हाक मारायचा हक्क जगात कुणालाच नसायचा. आज मात्र बाराव्या सेकंदाला श्वास सुटला. मशीन आपोआप बंद पडलं. "काय झालं, तेलेसिया?" छतानं विचारलं. "काही नाही. परत घेऊ," ती म्हणाली, आणि डोळ्यांसमोर ती रिकामी खुर्ची तशीच राहिली.

नोलीनशी तिची गाठ पडली ती खरं तर एका गैरसमजातून. उपचार सुरू व्हायच्या आधी मोजमापं घ्यायला बोलावलं होतं, तेव्हा एक नर्स सुई घेऊन आली आणि सहज म्हणाली, "आता तीन ठिपक्यांचं छोटंसं गोंदण करायचं हं. रोज मशीन त्याच जागी लावता यावं म्हणून." गोंदण हा शब्द ऐकून तेलेसियाच्या अंगावर काटा आला. तिच्या सामोआत गोंदवायला कुणी एकटं बसत नाही. दोघं बसतात, शेजारशेजारच्या चटयांवर. एकाला टोचून झालं की दुसऱ्याला, दिवसामागून दिवस, आणि त्या जोडीदाराला सोआ म्हणतात. एकाचं रक्त निघालं तर दुसऱ्याचंही निघतं, एक ओरडला तर दुसरा गाणं म्हणतो, आणि दोघांचं पुरं झाल्याशिवाय कुणाचंच पुरं झालं असं धरत नाहीत. एकट्यानं आरंभलेलं गोंदण अपशकुनी. अर्धवट टाकलेलं तर त्याहून वाईट, तो डाग मरेपर्यंत नावाला चिकटतो. तेलेसिया स्वतः कोरीच राहिली होती, अठराव्या वर्षी न्यूझीलंडचं विमान पकडलं म्हणून. आणि आता या बिनखिडकीच्या खोलीत कागदाचा गाऊन घालून ती गोंदवून घेणार होती. "माझ्याबरोबर कोण आहे?" तिनं घाबरून विचारलं. नर्सला वाटलं, पुढचा नंबर कुणाचा ते ही विचारतेय. "नोलीन आहे ना," ती म्हणाली. "तिलाही आजच करायचंय, बाहेरच बसलीय." तेलेसियाचा जीव भांड्यात पडला. गोऱ्या लोकांचं इस्पितळ, पण बघा, विचारपूस करून आपली रीत पाळली, जोडीदार शोधून ठेवला. बाहेर पडताना तिनं त्या नोलीनला नीट पाहून घेतलं. काटकुळी, आखूड पांढऱ्या केसांची, सत्तरी उलटलेली, पुरुषी बूट घातलेली बाई. देवानं दिला तो जोडीदार, म्हणून तिनं मान तुकवून नमस्कार केला. नोलीननं मागे वळून पाहिलं, आपल्यालाच केला का म्हणून.

सोआचं पोट भरणं हे आपल्या घरचं काम. म्हणून पहिल्या सोमवारी तेलेसिया नारळाच्या दुधात भाजलेल्या पावांचा अख्खा ट्रे घेऊन आली आणि तिनं तो नोलीनपुढे धरला. नोलीननं दोन पाव खाल्ले, तोंड पुसलं आणि विचारलं, "चहा पण मिळतो का तुमच्याकडे?" मंगळवारी तेलेसियानं थर्मास आणला. बुधवारी नोलीन शेजारच्या म्हाताऱ्याला सांगत होती, की इथली खाण्यापिण्याची सोय फार चांगली, ती जाडी बाई रोज स्वतःच्या हातचं करून आणते, कुठल्यातरी सेवाभावी संस्थेची असावी. गुरुवारी तेलेसिया गाऊन घालून बाहेर आली तेव्हा नोलीनचा घास हातातच राहिला. "अगं, तू पण?" "मी पण म्हणजे?" "मला वाटलं तू चहावाली!" दोघी इतक्या हसल्या की टाके दुखले आणि काउंटरवरच्या बाईनं चष्म्यावरून पाहिलं. तेलेसियानं मात्र जोडीदाराची गोष्ट तेव्हाही सांगितली नाही. तिच्या लेखी ती सांगायची गोष्टच नव्हती, ती ठरलेली होती. त्या दिवसापासून दोघींचं छान जमलं. नोलीन बसच्या प्रवाशांच्या गोष्टी सांगायची, कोण फुकट बसायचा, कोण रोज त्याच थांब्यावर रडायची. तेलेसिया आत गेली की नोलीन थांबायची, नोलीन आत गेली की तेलेसिया. कातडी तांबडी झाली तशी दोघींची एकदमच झाली, आणि दोघी कोपऱ्यात पाठमोऱ्या होऊन गाऊनच्या फटीतून एकमेकींना दाखवायच्या, कुणाची जास्त पिकलीय ते. गेल्या शुक्रवारी नोलीन जरा गप्प होती. तिच्या अंगणातलं लिंबाचं झाड वाकलंय, येऊन पिशवीभर घेऊन जा, असं म्हणून तिनं चिठ्ठीवर पापाकुराचा पत्ता आणि फोन लिहून दिला होता. निरोप घेतल्यासारखी चिठ्ठी दिली बयेनं, आणि आपल्याला कळलं नाही. सोमवारी दिवसभर तेलेसिया तो नंबर फिरवत राहिली. घंटा वाजून वाजून थांबायची.

अर्धवट गोंदण म्हणजे काय ते तिला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. तिचा थोरला भाऊ फालानिको त्याच घरात राहत होता. पुढच्या घरात तो आणि त्याचं कुटुंब, मागच्या अंगणातल्या खोलीत ती. सावाई बेटावरच्या त्यांच्या गावात, तो एकोणीस आणि ती सतरा वर्षांची असताना, बापानं त्याला कंबरेपासून गुडघ्यापर्यंत गोंदवायला बसवलं होतं. जोडीदार म्हणून शेजारचा ताविता. तेलेसिया भावाच्या उशाशी बसून झावळीच्या पंख्यानं वारा घालायची. हातोडीचा तो टकटक आवाज, हळदीचा आणि काजळीचा वास, बायकांची गाणी, आणि भावाच्या कपाळावरचा घाम टिपताना त्याचे ओठ कसे पांढरे पडलेले असायचे, हे सगळं तिला त्या मशीनखाली पडल्यावर इतकं स्वच्छ आठवायचं की कधी कधी टकटक मशीनची की गावची तेच कळेनासं व्हायचं. चौथ्या दिवशी दुपारी आईनं तिला उकडलेले अळूचे कंद आणायला पाठवलं. ती परत आली तर दोन्ही चटया मोकळ्या. ताविता उठून पळाला, जोडीदारच गेला म्हटल्यावर गोंदणाऱ्यानं हत्यारं आवरली, असं तिला सांगण्यात आलं. गावानंही तेच धरलं. तावितानं पुढे गावच सोडलं, सिडनीला गेला तो आजतागायत तिथेच. त्याची आई पुढे ऑकलंडला आली, ती चर्चमध्ये शेजारी येऊन बसली की तेलेसिया तोंड फिरवून घ्यायची. फालानिको पुढे न्यूझीलंडला आला, चर्चचा कारभारी झाला, सहा मुलांचा बाप झाला, पण समुद्रावर गेला तरी त्याचा शर्ट कधी अंगावेगळा झाला नाही. घरात त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नसे.

त्या दोघांत तसंही बोलण्यापेक्षा न बोलायचंच जास्त होतं. भावानं बहिणीचा शब्द खाली पडू द्यायचा नाही आणि तिच्या देहाविषयी चकार शब्द काढायचा नाही, हा त्यांच्याकडचा जुना करार. म्हणून महिन्यापूर्वी तेलेसियानं त्याला सांगितलं होतं, "दाताचं काम निघालंय. पंधरा दिवस रोज जावं लागेल." तो बरं म्हणाला. रोज सकाळी चर्चची व्हॅन काढून तो तिला सोडायचा, इस्पितळाच्या फाटकावर कॅन्सर विभाग असं हातभर अक्षरांत लिहिलेलं होतं, आणि फालानिको व्हॅन अशी लावायचा की त्या पाटीकडे पाठ होईल. संध्याकाळी तिच्या खोलीच्या पायरीवर झाकलेली लापशी असायची. "दात दुखत असेल, मऊच खा," तो बाहेरूनच ओरडायचा. पंधरा दिवस दाताला जाणारी बाई आणि पंधरा दिवस त्यावर विश्वास ठेवणारा भाऊ, दोघंही नाटकात पटाईत. तेलेसियाला त्या लापशीनं रोज गहिवरून यायचं आणि तिला ती मनापासून आवडायची.

मंगळवारीही खुर्ची रिकामीच. आता तेलेसियाला भीती वाटू लागली, आणि ती भीती स्वतःची नव्हती हे तिला स्पष्ट कळत होतं. मशीन तिला एकटीला करतच होतं, बारावा दिवस पार पडला, पंधरावाही पडला असता. पण दहावर थांबलेली ती बाई पापाकुरात बसली असेल, आणि जे उरलंय ते आत वाढलं तर? आणि जोडीदार अर्ध्यात उठला असताना आपण आपलं पुरं करून घरी जायचं, गाणी म्हणायची? ते तिच्या घशाखाली उतरेना. बाहेर येऊन ती व्हॅनमध्ये बसली आणि म्हणाली, "पापाकुराला घे." फालानिकोनं गाडी सुरू केली. दोन सिग्नल गेल्यावर त्यानं विचारलं, "तिथे कोण?" "दाताचीच एक बाई आहे. अर्ध्यातच उठली." त्याचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले, ते तिनं पाहिलं.

नोलीननं दार उघडलं ती झग्यात, डावा हात अंगापासून दूर धरून. "लिंबं न्यायला आलीस होय," ती म्हणाली, आणि मग दाराबाहेर बूट काढत असलेल्या फालानिकोकडे पाहून, "हा पहाड कोण?" "माझा भाऊ." "मग आत घे की त्याला. दारात उभा राहिला तर उजेड अडतो." स्वयंपाकघरात तिघं बसली. नोलीननं किटली लावली आणि पाठ वळवूनच बोलायला लागली. खालची कातडी सोलून निघालीय, मीठ चोळल्यासारखी आग होते, रात्रीची झोप नाही, तासभराच्या बसमध्ये प्रत्येक खड्डा छातीत बसतो. "आणि मी खड्डे ओळखते सगळे. नावानं." मुलगा पर्थला, तो म्हणतो, तुझं तू ठरव. "म्हणून मी ठरवलं. पंधरातले दहा झाले. शाळेत एवढ्यावर पास करायचे." "इथे नाही करत," तेलेसिया म्हणाली. "अगं, चौऱ्याहत्तर वर्षांची आहे मी. माझ्यावाचून कुणाचं अडलंय? तुझं तरी अडलंय का? तुला मशीन करतंच आहे." "अडलंय," तेलेसिया म्हणाली आणि तिला पहिल्यांदाच ते सगळं शब्दांत सांगावं लागलं. दोन चटया, एकाचं झालं की दुसऱ्याचं, त्या नर्सनं घेतलेलं नाव. सांगताना तिला स्वतःलाच ते पोरकट वाटलं, कान तापले. नोलीन किटली हातात धरून ऐकत होती. "म्हणजे मला न विचारता माझ्याशी गाठ मारून मोकळी झालीस?" "हो." "आणि ते पाव त्यासाठी?" "हो." "लग्नाआधी नवऱ्यानंसुद्धा मला विचारलं होतं गं," नोलीन म्हणाली आणि हसू लागली, पण हसताना दुखलं म्हणून थांबली. "छान आहे तुमची रीत. पण मला नाही झेपणार. तू तुझं पुरं कर, मी लिंबं देते."

तेव्हा फालानिको बोलला. तो टेबलावरच्या साखरेच्या भांड्याकडे बघत होता, आणि त्याचं इंग्रजी घाईत असलं की अडखळतं, तसं ते अडखळत होतं. "बाई, मी पण गोंदवायला बसलो होतो. चौथ्या दिवशी थांबलं. सगळे म्हणतात, माझा जोडीदार पळाला." त्यानं भांड्याचं झाकण उचललं, परत ठेवलं. "तो पळाला नाही. मी उठलो. फार दुखत होतं. ताविता चटईवर तसाच पडून होता. मला हाका मारत होता, फालानिको, परत ये, थोडंच राहिलंय, मी गातो. मी समुद्रापर्यंत गेलो. बाप गावचा मुखिया, त्याच्या पोराचं नाव जाऊ नये म्हणून गावानं उलटं धरलं, आणि मी गप्प बसलो. त्याचंही अर्धंच आहे, बाई. त्याला झेपत होतं तरी." तेलेसियाच्या हातातला कप कलंडला. चहा टेबलावरून तिच्या मांडीवर ओघळला तरी तिला तो लागला नाही. एकेचाळीस वर्षं ती ज्या गोष्टीवर उभी होती ती कुणीतरी सहज ओढून घेतली होती, साखरेच्या भांड्याकडे बघत, परक्या बाईच्या स्वयंपाकघरात. नोलीननं हातातली किटली खाली ठेवली. "दुखायचं कधी थांबलं?" तिनं विचारलं. "आठ दिवसांत," फालानिको म्हणाला. "मग त्या मुलाचं काय झालं?" "सिडनीला आहे. म्हातारा झाला असेल. मी कधी फोन केला नाही." नोलीननं फडकं आणून चहा पुसला, कपाटातून पिशवी काढली आणि बागेत जाऊन तिच्यात लिंबं भरली. येते म्हणाली नाही, येत नाही असंही म्हणाली नाही. पिशवी मात्र तिनं फालानिकोच्या हातात दिली.

परत येताना व्हॅनमध्ये लिंबांचा वास भरला होता. तेलेसियाला राग आला होता, आणि तो नेमका कुणाचा हे तिला उमगत नव्हतं. तिला ताविताची ती वाळकी आई आठवत होती, रविवारचे पांढरे कपडे घालून जवळ सरकणारी आणि हिचं तोंड वळलेलं पाहून पुन्हा दूर सरकणारी. म्हातारी तसंच पाहत पाहत मेली. "तिच्याशी मी बोलत नव्हते," ती म्हणाली. "माहीत आहे." "तू बघत होतास." "हो." मोटारींची रांग हळूहळू पुढे सरकत होती. भावाला चार शब्द सुनवावेत म्हणून तिनं तोंड उघडलं, आणि त्याच्या कपाळावर तोच घाम दिसला, ओठ तसेच पांढरे. तो एकोणीस वर्षांचा होता तेव्हा. एकोणीस म्हणजे पोरच की. "त्याला फोन कर," ती म्हणाली. "काय सांगू?" "आत्ता जे बोललास तेच. इंग्रजीत नको, आपल्या भाषेत बोल." तो बरं म्हणाला. घराच्या वळणावर त्यानं विचारलं, "दात कसा आहे आता?" "दात नाही रे तो." "माहीत आहे," फालानिको म्हणाला, आणि त्यांच्या करारात बसेल तितकंच, रस्त्याकडे बघत, "देव बघतोय," एवढं पुढे जोडलं. तेलेसियाचा राग अजून पुरता गेला नव्हता, पण तिला आतून हलकं वाटत होतं, आणि भूक लागली होती.

बुधवारी साडेनऊला नोलीन तिच्या खुर्चीत होती. तेलेसियाला पाहताच ती म्हणाली, "उगाच फुशारकी नको. तुझ्या भावासाठी आलेय, तुझ्यासाठी नाही." नर्सनं नोलीनच्या जखमेवर थंडगार पट्ट्या लावून दिल्या, आणि हे आधीच सांगायला काय झालं होतं म्हणून कानउघाडणीही केली. खाडे झालेले दोन दिवस शेवटी जोडले जातील, असं तिला सांगितलं. तेलेसिया आत गेली, छाती भरून घेतली, आणि ब्रोनीला दोनदा म्हणावं लागलं की सोडा आता, झालं. ती बाहेर येऊन बसली आणि नोलीन आत गेली. वाट बघण्यात किती सुख असतं, हे तिला नव्यानं कळत होतं. मशीन चालू असल्याचं सांगणारा दाराबाहेरचा लाल दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. बाराच्या आत घरी जायचं, भावजय दुपारी मासळी आणणार, हाताला लिंबाचा वास, आतमध्ये आपलं माणूस. आणखी काय हवं असतं माणसाला, असं तिच्या मनात आलं, आणि आपण कॅन्सरच्या खोलीत बसून हे म्हणतोय हे ध्यानात येऊन ती स्वतःशीच हसली. शेजारचा म्हातारा दचकून तिच्याकडे बघायला लागला.

शुक्रवारी तिचा पंधरावा दिवस होता. मशीन थांबलं तशी ब्रोनी आणि तिच्या बरोबरीची दोघं टाळ्या वाजवत आत आली. "झालं, तेलेसिया! संपलं तुमचं!" तेलेसिया टेबलावर उठून बसली, गाऊन सावरला आणि म्हणाली, "कुठे संपलं? अजून दोन राहिलेत." ब्रोनीचा चेहरा उतरला. तिनं धावत जाऊन कॉम्प्युटर पाहिला, दुसऱ्या मुलाला दाखवला, बोटांवर मोजलं. "नाही हो, पंधराच होते. पंधरा पुरे झाले. मी तीनदा पाहिलं." "मशीनचे झाले असतील," तेलेसिया म्हणाली, आणि त्या मुलीची घाबरगुंडी पाहून तिला दया आली. "तुझं काही चुकलेलं नाही गं. माझंच वेगळं आहे." तिनं ब्रोनीच्या तिळांच्या गालाला हात लावला आणि कपडे करायला गेली.

सोमवारी ती आली तेव्हा काउंटरवरच्या बाईनं यादीवर बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं आणि म्हणाली, "तुमचं नाव नाही आज." "नसू दे," तेलेसिया म्हणाली आणि आपल्या जागी जाऊन बसली. मंगळवारी त्या बाईनं यादी काढलीच नाही. नोलीन दहा चाळीसला आत गेली. लाल दिवा लागला, आणि तेलेसिया हात मांडीवर ठेवून, पाठ ताठ करून बसली. एकदा विझला. पुन्हा लागला. बाहेर व्हॅनमध्ये फालानिको सिडनीशी बोलत होता. गेले चार दिवस दोघं म्हातारे रोज बोलत होते, बहुतेक भांडतच. लाल दिवा विझला तो विझलाच. बऱ्याच वेळानं दार उघडलं आणि नोलीन सदऱ्याची बटणं लावत लावत बाहेर आली. एक बटण चुकलेलं होतं. ती तेलेसियासमोर उभी राहिली, आणि तिला आयुष्यभर जे नीट जमलं नव्हतं ते, म्हणजे कुणापुढे तरी मान तुकवणं, तिनं ओबडधोबड करून दाखवलं.

"झालं बाई माझं," ती म्हणाली.

तेलेसिया उठली. तिनं नोलीनचं चुकलेलं बटण काढून नीट लावलं आणि म्हणाली, "चला. आता माझंही झालं."